फाट्यावर उतरल्यावर कोणते ॲप?

औसा तालुक्यातील एका परिचारिकेचे पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून ते येथे थोडक्यात देते.

“लातूरच्या एका खाजगी रुग्णालयात मी परिचारिका आहे. दुपारची पाळी असली की रात्री साडेआठनंतर सुटते आणि एसटीने आमच्या फाट्यावर येऊन उतरते. फाट्यापासून वस्ती दीड किलोमीटर आत आहे, रस्त्याला दिवे नाहीत आणि या दिवसांत दोन्ही अंगांना ऊस उभा असतो. यजमान पुण्याला कंपनीत आहेत. घरी सासू-सासरे आणि लहान मुलगा आहे. दिवाळीनंतर मोटारसायकलवरची दोन मुले फाट्यावरून माझ्या मागे येऊ लागली आहेत. गाडी हळू करून बाजूने चालवतात, फोन नंबर मागतात. मागे येऊ नका असे मी दोनदा स्पष्ट सांगितले, तरी ती थांबलेली नाहीत. हैदराबादला असलेल्या माझ्या भावाने फोनमध्ये मदतीची चार ॲप टाकून दिली, त्यांची नावे सोबत कळवत आहे. आता काळजी करू नको, असे तो म्हणतो. पण कोणते बटण दाबल्यावर नक्की कोण येते, हेच मला ठाऊक नाही. चुकून दाबले गेले तर दंड होईल का? ओढ्यापर्यंत आले की रेंज जाते, मग ॲपचा काय उपयोग? आणि पोलिसांची गाडी वस्तीवर आली तर घरी सगळे कळेल व नोकरी सोडायला लावतील, ही भीती त्याहून मोठी आहे. मी यांतले कोणते ॲप ठेवू?”

सप्रेम नमस्कार.

कोणते ॲप ठेवायचे, हा तुमच्या पत्रातला सर्वांत सोपा प्रश्न आहे, म्हणून तो आधी संपवू. ‘११२ इंडिया’ हे एकच ठेवा आणि उरलेली तीन काढून टाका. तुम्ही कळवलेल्या नावांपैकी ‘हॉक आय’ हे हैदराबाद पोलिसांनी सुरू केलेले ॲप आहे. तुमचे बंधू तेथे राहतात, त्यामुळे ते त्यांच्या परिचयाचे असणार. पण औशाच्या रस्त्यावरून मदत मागण्यासाठी ते बनलेले नाही. दिल्ली पोलिसांनी २०१५ मध्ये ‘हिम्मत’ काढले, आंध्र प्रदेशात २०२० मध्ये ‘दिशा’ आले. ती ॲपही आपापल्या पोलीस दलासाठीच होती. तुमच्या फोनमधली उरलेली दोन ॲप खाजगी कंपन्यांची आहेत आणि तुम्ही जे वर्णन पाठवले आहे त्यावरून दिसते की, बटण दाबल्यावर ती मोठा भोंगा वाजवतात आणि साठवलेल्या नंबरांवर संदेश पाठवतात, पोलिसांना काहीही कळवत नाहीत. अंधारात, हात थरथरत असताना, चार चिन्हांपैकी कोणते दाबायचे याचा विचार करण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये, एवढ्यासाठी तरी ती काढून टाकावीत.

११२ ही सरकारची यंत्रणा आहे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर केंद्र सरकारने निर्भया निधी उभारला आणि त्या निधीच्या साहाय्याने पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका या तिन्हींसाठी देशभर एकच क्रमांक असावा म्हणून तिची उभारणी झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशात ती प्रथम सुरू झाली आणि महाराष्ट्रात २०२१ मध्ये आली. ॲप सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केले आहे, म्हणून प्ले स्टोअरवरून घेताना ते सी-डॅकचेच आहे ना, हे पाहून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून कोणतेही सुरक्षा ॲप कधीही उतरवून घेऊ नका, आणि जे ॲप बँकेची माहिती मागते ते मदतीचे नसून लुबाडणुकीचे आहे असे समजा. ‘११२ इंडिया’मध्ये महिलांसाठी ‘शाउट’ नावाची एक सोय आहे, जिच्यामुळे जवळपासच्या नोंदणीकृत स्वयंसेवकांनाही हाक जाते. आपल्याकडच्या वस्त्यांवर असे स्वयंसेवक असतीलच असे नाही, त्यामुळे त्या सोयीवर विसंबून राहू नये.

एवढे सांगून झाल्यावर आता जे मला खरोखर सांगायचे आहे त्याकडे येते. ॲप हे हाक मारण्याचे साधन आहे. ती हाक कोठून मारायची, कधी मारायची, ती ऐकून येणारा माणूस किती लांब आहे आणि त्याच्याआधी कोण पोहोचू शकतो, हे सर्व फोनच्या बाहेर ठरते. तुमच्या भावाने फोनमधले काम केले, ते प्रेमाने केले. बाहेरचे काम अजून कोणीच केलेले नाही, आणि ते करायला घेतले तर तुमचा रस्ता आजच्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित होईल असे मला मनापासून वाटते.

प्रथम, बटण दाबल्यावर काय घडते ते पाहू, कारण ते माहीत असले की फोनवर काय बोलायचे हे आपोआप कळते. ११२ चा फोन औशाच्या ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबईत महापे येथे असलेल्या राज्याच्या मध्यवर्ती केंद्रात जातो. नागपूरला त्याचे दुसरे केंद्र आहे. तेथील कर्मचारी तुमची हकिगत संगणकावर नोंदवतो, ती नोंद लातूर जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तेथून जवळ असलेल्या पोलीस वाहनातील पडद्यावर पोहोचते. त्यानंतर वाहनातील पोलीस बहुधा तुम्हाला फोन करतात, म्हणून ११२ ला हाक मारल्यावर अनोळखी नंबरावरून फोन आला तर तो अवश्य उचला. बोलणे शक्य नसेल तर फोन न कापता चालू ठेवा. आजूबाजूचे आवाज ऐकूनही समोरच्याला परिस्थितीचा अंदाज येतो.

आता विचार करा की महाप्याच्या केंद्रात बसलेल्या माणसाने तुमचा फाटा कधी पाहिलेला नाही. फोनवरून त्याला तुमचे ठिकाण साधारण दिसते, पण शहरात जवळजवळ टॉवर असल्याने हा अंदाज जितका नेमका येतो तितका तो शेतशिवारात येत नाही. उपग्रहावरून ठिकाण दाखवणारी फोनमधील सोय बंद असेल तर तो आणखी ढोबळ होतो. म्हणून ती सोय घरातून निघतानाच चालू ठेवा आणि तरीही तोंडाने पत्ता सांगण्याची तयारी करून ठेवा. गावाचे नाव सांगितले की काम झाले, असे आपल्याकडे होत नाही. एकट्या लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे आणि शिरूर ताजबंदही आहे. बीडमध्ये शिरूर कासार आहे आणि पुणे जिल्ह्यातले शिरूर तर राज्यभर माहीत असलेले. जालन्यात अंबड तालुका आहे, नाशिक शहरातही अंबड आहे. परभणीत सेलू आहे, वर्ध्यातही सेलू आहे. वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत हे मोजायलाच नको. घाबरलेली बाई फोनवर ‘शिरूरच्या फाट्यावर आहे’ एवढेच म्हणाली, तर गाडी कोणत्या जिल्ह्यातून निघावी?

तुमच्या तालुक्यात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातील अनेक गावे नव्या जागी वसवली गेली, पण नावे तीच राहिली, आणि जुन्या गावठाणाच्या जागाही लोकांच्या बोलण्यात तशाच राहिल्या. पत्रातला तपशील पाहता तुमचे गाव त्यांपैकीच दिसते. त्यामुळे ‘नवे’ किंवा ‘पुनर्वसित’ हा शब्द तुमच्या पत्त्यात आलाच पाहिजे, नाहीतर गाडी जुन्या जागेकडे वळू शकते. निलंगा, उदगीर, उमरगा, देगलूर अशा सीमेलगतच्या तालुक्यांतल्या वाचकांनी तर बोलण्याची सुरुवातच राज्य आणि जिल्हा सांगून करावी, कारण तेथे फोन पलीकडच्या राज्यातल्या टॉवरला लागण्याची शक्यता असते. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिवच्या वाचकांनी जिल्ह्याचे नवे व जुने अशी दोन्ही नावे एका दमात सांगितली तरी काही बिघडत नाही.

म्हणून एक वाक्य आज वहीत लिहा आणि पाठ करा. त्याचा क्रम असा असावा: जिल्हा लातूर, तालुका औसा, नंतर गावाचे नाव नवे या शब्दासह, कोणत्या महामार्गावरचा फाटा, फाट्यापासून कोणत्या दिशेला आत, आणि रात्री अंधारातही ओळखू येईल अशी एक खूण. खूण निवडताना जपून निवडा. ‘पाटलाच्या मळ्याजवळ’ ही गावाची खूण झाली, बाहेरून येणाऱ्या चालकाची नव्हे. महामार्गावरचा किलोमीटरचा दगड, जिल्हा परिषदेची शाळा, विजेची डीपी, पुलाचा कठडा, कारखान्याचा वजनकाटा, यांपैकी जे असेल ते घ्या. पत्त्यानंतर लगेच प्रसंग सांगा: “मी एकटी आहे, मोटारसायकलवरची दोन मुले माझा पाठलाग करत आहेत, मला पोलिसांची मदत हवी आहे.” हे सर्व अर्ध्या मिनिटात होते, आणि पाठ असेल तर भीतीतही जिभेवर येते.

ॲप उघडण्याइतका वेळ नेहमी मिळत नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये मदतीचे बटण असणे बंधनकारक झाले. बटणांच्या साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चे बटण दाबून धरायचे, आणि स्मार्टफोनमध्ये चालू-बंद करण्याचे बटण एकापाठोपाठ तीनदा दाबायचे, असा तो नियम आहे. प्रत्यक्षात बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये हे बटण पाच वेळा दाबावे लागते आणि त्याआधी सेटिंगमध्ये आणीबाणीची सोय सुरू करावी लागते. काही फोनमध्ये दोनदा दाबले की कॅमेराच उघडतो. तुमच्या फोनमध्ये नेमके काय होते ते घरी बसून, सेटिंगमध्ये वाचून ठरवा, आणि तेथे फोन लावण्यासाठी ११२ हाच क्रमांक आहे ना, तेही पाहून घ्या, कारण बऱ्याच फोनमध्ये तो बदलता येतो. याशिवाय फोनचे कुलूप न उघडताही ‘आणीबाणी’ या शब्दावरून ११२ लावता येतो. सासूबाईंकडे बटणांचा फोन असेल तर त्यांनाही हे बटण दाखवून ठेवा.

रेंजचा प्रश्न तुम्ही विचारला आहे आणि तोच माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. ॲपला तुमचे ठिकाण पाठवण्यासाठी साधारणपणे इंटरनेट लागते. साध्या फोनला लागत नाही. त्यामुळे इंटरनेट रखडत असलेल्या जागीही साधा फोन अनेकदा लागतो, आणि पडद्यावर ‘केवळ आणीबाणीचे कॉल’ असे दिसत असेल तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ११२ लागण्याची शक्यता असते, तेव्हा तेथे प्रयत्न जरूर करावा. पण जेथे काहीच नाही, तेथे काहीच नाही. लोडशेडिंगमध्ये आपल्याकडचे टॉवरही मान टाकतात, हे तुम्ही अनुभवले असेल. तेव्हा दिवसा, उजेडात, एकदा फाट्यापासून वस्तीपर्यंत फोन हातात धरून चाला आणि रेंज कोठे कमी होते, कोठे जाते, कोठे परत येते, हे नीट पाहून घ्या. फाट्यावर रेंज आहे, ओढ्यापाशी नाही, असे तुम्ही लिहिले आहे. याचा अर्थ असा की हाक मारायची की नाही याचा निर्णय ओढ्यापाशी घेण्यासारखा राहिलेलाच नसतो. तो फाट्यावर, एसटी पुढे निघून जाण्याच्या आत घ्यावा लागतो. उतरताच ती मोटारसायकल दिसली तर आत पाऊल टाकू नका. फाट्यावर चहाची टपरी, पंक्चरचे दुकान, जे उघडे असेल त्याच्या उजेडात उभ्या राहा आणि तेथूनच फोन करा. काहीच उघडे नसेल तर वाहकाला सांगून त्याच गाडीने पुढच्या गावापर्यंत जाणे हाही मार्ग आहे. घरी पोहोचायला उशीर होईल, पण तो उशीर तुम्ही सहन करू शकाल.

येथे अनेक बायका अडखळतात. अजून काही झालेलेच नाही, हात लावलेला नाही, मग पोलिसांना काय म्हणून बोलावू, असे त्यांना वाटते. फोन करण्यासाठी काही होण्याची वाट पाहावी लागते, हा समज आपल्याकडे इतका मुरलेला आहे की तो सुशिक्षित, नोकरी करणाऱ्या बायकांच्याही मनातून जात नाही. कृपा करून तो मनातून काढून टाका. पोलीस वाहनाला तालुक्याच्या ठिकाणाहून किंवा दुसऱ्या बंदोबस्तावरून तुमच्या फाट्यापर्यंत यायला अंतर तोडावे लागते, आणि अंगावर कोणी धावून आल्यानंतर केलेला फोन कितीही लवकर उचलला गेला तरी हे अंतर कमी होत नाही. शहरातल्या बाईपेक्षा तुम्हाला हाक आधी मारावी लागते, याचे कारण एवढेच आहे. दोन अनोळखी पुरुष रात्री पुन्हा मागे येत आहेत, हे कारण पुरेसे आहे. तुम्ही फोन केलात, गाडी आली, आणि तोपर्यंत ती मुले निघून गेली, तर तुम्ही पोलिसांचा वेळ वाया घालवला असे अजिबात होत नाही. उलट, त्या रस्त्यावर पोलीस येतात हे त्या मुलांना कळले, हा त्यातला मोठा लाभ आहे.

दंडाविषयी निश्चिंत राहा. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन पोलिसांना त्रास देणे हा गुन्हा आहे. पिशवीत फोनचे बटण दाबले जाणे हा नव्हे. चुकून फोन लागला तर घाबरून तो कापू नका, कारण कापल्यास काहीतरी अघटित घडले असावे असे समोरच्याला वाटू शकते. फोनवर थांबा, नाव सांगा, चुकून लागला आणि मी सुखरूप आहे असे सांगा, तेवढे पुरे. मात्र चालते का ते पाहावे म्हणून मुद्दाम दाबू नये. त्या क्षणी दुसऱ्या कोणाला तरी ती ओळ हवी असू शकते.

आता तुमच्या खऱ्या भीतीकडे येते. ॲपमध्ये आणीबाणीला कळवायचे म्हणून तुम्ही यजमानांचा आणि भावाचा असे दोन नंबर दिले आहेत. दोघेही तुमच्यावर जीव टाकणारे असतील, पण एक पुण्यात आहे आणि दुसरा हैदराबादेत. रात्री नऊ वाजता संदेश वाचून दोघांचाही जीव कासावीस होईल आणि दोघांपैकी एकालाही ओढ्यापर्यंत येता येणार नाही. त्या यादीत पहिले नाव अशा माणसाचे हवे, जो बॅटरी घेऊन, मोटारसायकल काढून दहा मिनिटांत फाट्यावर येऊ शकेल. तो वस्तीवरचाच असणार: चुलत दीर, शेजारचे कुटुंब, सालगडी, कोणीही विश्वासाचा. आणि त्याला काय चालले आहे हे माहीत नसेल तर तुमच्या संदेशाचा अर्थ त्याला कळणार नाही. म्हणजेच, घरापासून ही गोष्ट लपवून ठेवून ॲपचा उपयोग करता येईल असे तुम्हाला वाटत असेल तर ते शक्य नाही, हे मला तुम्हाला स्पष्ट सांगितले पाहिजे. दीड किलोमीटरच्या त्या अंधारात सर्वांत जवळची मदत तुमच्या घरातूनच येणार आहे.

नोकरी सोडायला लावतील ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे मुलगी किंवा सून संकटात सापडली की संकट दूर करण्याआधी तिचे बाहेर जाणे बंद केले जाते, ही वस्तुस्थिती आहे आणि तिचा मला संताप येतो. पण घरच्यांना ही बातमी पोलिसांच्या गाडीच्या दिव्यांतून कळणे आणि तुमच्या तोंडून, दिवसा, शांतपणे कळणे, यांत मोठा फरक आहे. पहिल्या वेळी ते घाबरलेले असतील आणि घाबरलेली माणसे बंदी घालतात. दुसऱ्या वेळी तुमच्यापाशी काय करायचे याची योजना तयार असेल. आधी यजमानांशी बोला, कारण सासू-सासऱ्यांसमोर तुमच्या बाजूने बोलणारे कोणीतरी हवे. त्यांना मदत मागा, परवानगी मागू नका: “दुपारच्या पाळीच्या दिवसांत रात्री फाट्यावर घ्यायला कोण येईल, हे आपण ठरवू या,” असे वाक्य बोलण्याच्या सुरुवातीलाच घाला. रुग्णालयातही मुख्य परिचारिकेकडे पाळी बदलून मिळते का ते विचारून पाहा, निदान प्रकरण निवळेपर्यंत.

लातूरहून बसमध्ये बसल्यावर त्या माणसाला व्हॉट्सॲपवरून आपले चालते ठिकाण पाठवत चला. त्यात पंधरा मिनिटे, एक तास आणि आठ तास अशा मुदती आहेत. एक तास अपुरा पडू शकतो, म्हणून आठ तासांची निवडा आणि घरी पोहोचल्यावर बंद करा. ओढ्यापाशी रेंज गेली की तुमचे चिन्ह शेवटच्या जागी थांबून राहील. तेथून वस्ती किती मिनिटांची वाट आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असेल, तर तेवढ्या वेळात तुम्ही न पोहोचल्यास त्याने काय करायचे, हेही आधीच ठरवता येते. फोनची बॅटरी पाळी संपताना निम्मी तरी असावी, यासाठी चार्जर रुग्णालयातच ठेवा.

गावपातळीवर पोलीस पाटलांना कळवा. राज्यातील अनेक जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा नावाची सोयही वापरात आहे, ज्यात एका क्रमांकावर केलेला फोन नोंदणी केलेल्या सर्व गावकऱ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी आवाजी निरोप म्हणून वाजतो. चोरी, आग, बिबट्या अशा प्रसंगांसाठी गावे ती वापरतात. तुमची ग्रामपंचायत तिच्यात आहे का, हे ग्रामसेवकांना विचारा, आणि नसेल तर हा विषय ग्रामसभेत मांडायला कोणाला तरी सांगा.

शेवटी, पोलिसांत तक्रार देण्याचे काम अजून राहिलेले आहे, आणि ते या आठवड्यात करा. नकार स्पष्ट सांगितल्यावरही पुन्हा पुन्हा मागे येणे आणि संपर्क साधण्याचा प्रयत्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे तुमच्या बाबतीत गुन्हा घडायचा राहिलेला नाही, तो घडत आहे. ११२ हे त्या क्षणाचे साधन आहे, पण मुले कोण आहेत हे शोधून काढणे आणि त्यांना ठाण्यात बोलावणे, हे काम तक्रारीवरच होते. ज्या ज्या संध्याकाळी ती दिसली त्या तारखा, वेळ, गाडीचा रंग, कपड्यांचे किंवा आवाजाचे काही वैशिष्ट्य, हे सर्व वहीत लिहून काढा. गाडीचा क्रमांक पूर्ण दिसला नसेल तर एमएच २४ नंतरची अक्षरे किंवा शेवटचे दोन आकडेही उपयोगी पडतात. फोटो काढण्यासाठी मात्र रस्त्यात थांबू नका.

तुमचा फाटा औसा ठाण्याच्या हद्दीत येतो की किल्लारीच्या, याची चिंता तुम्ही करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी पाठलागासारख्या दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, त्यामुळे कामावर जाताना लातूर शहरातील ठाण्यातही तुम्ही ती देऊ शकता. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते. पाठलागासारख्या गुन्ह्यात तुमचे म्हणणे महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायचे असते, तेव्हा तशी मागणी संकोच न करता करा, आणि महिलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या जिल्ह्याच्या दामिनी पोलीस पथकाचीही चौकशी करा. गुन्हा नोंदवल्यावर त्याची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळाली पाहिजे. ठाण्यात टाळाटाळ झाली, समजावून परत पाठवले, तर तीच हकिगत लेखी स्वरूपात टपालाने लातूरच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवण्याचा अधिकार याच कलमाने तुम्हाला दिलेला आहे. जाताना एकट्या जाऊ नका. यजमान सुटीवर आले असतील तर त्यांना, नसतील तर रुग्णालयातील एखाद्या सहकारी परिचारिकेला सोबत घ्या, अर्जाच्या दोन प्रती न्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घ्या.